काढायचं कसं, हे आधी ठरवा

प्रश्न: मी फोटोग्राफी शिकणाऱ्यांचा एक टेलिग्राम ग्रुप चालवते. सहा वर्षांपूर्वी आम्ही तीस-चाळीस जणांनी तो सुरू केला, आता साडेनऊ हजार सभासद आहेत. माझ्यासोबत तिघं मॉडरेटर आहेत. तिघंही सुरुवातीपासूनचे मित्र, कुणी निवडून वगैरे आलेलं नाही. त्यांतल्या एकांना सगळे सर म्हणतात. निम्म्याहून जास्त काम ते एकटे ओढतात. रात्री एक वाजता स्पॅम आला तरी तेच उडवतात. पण सर पैसे घेऊन कार्यशाळाही घेतात. त्यांच्या कार्यशाळेची पोस्ट ग्रुपवर राहते, इतरांची ‘जाहिरात’ म्हणून जाते. मागच्या महिन्यात एका जुन्या सभासदाने त्यांच्या कार्यशाळेबद्दल नाराजीचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोस्ट गायब आणि तो सभासदही ग्रुपबाहेर. तिघांना विचारलं, तर ‘मी काढलं’ असं कुणीच म्हणेना. मी ‘रीसेंट ॲक्शन्स’ (ॲडमिननी केलेल्या कारवायांची यादी) उघडून बघेपर्यंत चार दिवस गेले होते, तिथे काही सापडलं नाही. आता काही जण निवडणूक घ्या म्हणतात. सर दुखावले तर जातील आणि ग्रुप कोलमडेल अशी भीती वाटते. नवे मॉडरेटर कसे निवडू, आणि असलेल्यांना जाब कसा विचारू?
– ग्रुपची नाममात्र मालकीण

उत्तर: सहीतलं ‘नाममात्र’ मला मान्य नाही. टेलिग्रामवर ग्रुपचा मालक एकच असतो. कुणाला ॲडमिन करायचं, कुणाला कोणते अधिकार द्यायचे आणि कुणाचे काढून घ्यायचे, हे सगळं शेवटी त्याच्याच हातात असतं. त्यामुळे एक माणूस ग्रुपबाहेर गेला आणि तो कुणी घालवला हेच कळेना, याचं उत्तर आधी तुम्ही द्यायचं आहे, सरांनी नंतर.

सूत्रं माझ्या हातात आहेत पण निर्णय मी घेत नाही, हा पवित्रा लोकांनी याआधीही घेऊन पाहिला आहे. १९९० साली लॅम्डामू नावाचं, फक्त मजकुरावर चालणारं एक आभासी जग सुरू झालं. त्याचा कर्ता पॅव्हेल कर्टिस. १९९२ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं, की तांत्रिक ताबा असलेली मंडळी (त्यांना तिथे ‘विझर्ड’ म्हणत) यापुढे सभासदांच्या भांडणांत पडणार नाहीत. पुढच्याच वर्षी एका सभासदाने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लिहून उच्छाद मांडला. त्याचं काय करायचं, यावर सभासदांनी घसा फोडून चर्चा केली, पण निर्णय कुणी करायचा हेच ठरेना. शेवटी एका विझर्डने स्वतःच्या अखत्यारीत त्याचं खातं काढून टाकलं. त्यानंतर तिथे याचिका आल्या, मतदान आलं. आणि १९९६ मध्ये विझर्डांनी कबूल केलं, की तांत्रिक निर्णय एकीकडे आणि सामाजिक निर्णय दुसरीकडे अशी फाळणी करता येत नाही. ज्याच्या हाती बटण असतं, त्याने ते न दाबणं हाही निर्णयच असतो. तुम्ही सहा वर्षं असेच निर्णय घेत आलात.

आता त्या काढलेल्या सभासदाकडे येते. ‘रीसेंट ॲक्शन्स’मधली नोंद फक्त ४८ तास राहते. तेवढ्यात बघितलं, तर कुणी कोणता मेसेज उडवला, कुणाला म्यूट केलं, कुणाला बाहेर काढलं हे नावानिशी मिळतं, उडवलेला मजकूरही वाचता येतो. चौथ्या दिवशी काही मिळणार नव्हतं. पण एक जागा बहुधा तुमच्या नजरेतून सुटली आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘रिमूव्ह्ड यूजर्स’ अशी वेगळी यादी असते आणि बाहेर काढलेल्या सभासदाच्या नावाखाली त्याला कुणी काढलं ते लिहिलेलं असतं. ती यादी आज उघडा. तिथे सरांचंच नाव असेल असं मी धरून चालणार नाही, तुम्हीही धरू नका. सरांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्या कुणीतरी परस्पर केलेला उद्योग असू शकतो. असले उद्योग नेहमी होतात. आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सरांपेक्षा उरलेल्या दोघांची जास्त काळजी वाटली. तिघांपैकी एकाने हे केलंय. बाकीच्या दोघांना ठाऊक नसेल, तर ते ग्रुपकडे बघतच नाहीत. ठाऊक असून गप्प असतील, तर ते मॉडरेटर म्हणून ग्रुपचे नाहीत, एकमेकांचे आहेत.

नाव सापडो वा न सापडो, त्या सभासदाला परत घ्या. कारण लिहिलेलं नाही, कोणता नियम मोडला ते सांगितलेलं नाही, कारवाई कुणी केली हे कुणी सांगत नाही. अशी कारवाई चालू ठेवण्यात अर्थ नाही. ग्रुपवर दोन वाक्यं पुरेत: ‘अमुक सभासदांना कारण न देता काढलं गेलं होतं, ते चुकीचं होतं, त्यांना परत घेतलं आहे. त्यांची पोस्ट त्यांना पुन्हा टाकायची असेल तर ती राहील.’ यापलीकडे खुलासा करत बसू नका. खुलासे लांबले की लोक त्यात गट शोधायला लागतात.

यापुढे मात्र ४८ तासांवर विसंबून राहू नका. मॉडरेटरांसाठी एक बंद चॅनल काढा आणि प्रत्येक कारवाईची एक ओळ तिथे पडलीच पाहिजे असं ठरवा. काय झालं, कोणत्या नियमाखाली, कुणी केलं आणि उडवलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट. स्पॅमला यातून सूट द्या, नाहीतर चार दिवसांत सगळे कंटाळतील. पण माणसाला लागलेली प्रत्येक कारवाई तिथे हवी, आणि जी कारवाई मुद्दाम केली नाही तीही हवी. नोंद अशी दिसेल:

‘१४ तारीख. सभासद क. पोस्ट: कार्यशाळा रद्द झाली, पैसे परत मिळाले नाहीत, सोबत तीन स्क्रीनशॉट. दोघांनी रिपोर्ट केली. कारवाई नाही, पोस्ट ठेवली. तक्रार आहे, शिवीगाळ नाही. नोंद: मॉडरेटर २.’

एवढी एक ओळ मागच्या महिन्यात कुणाला लिहावी लागली असती, तर ती पोस्ट उडालीच नसती असं मला वाटतं. ‘माझ्या मित्राच्या धंद्याला अडचण होत होती’ हे कारण म्हणून लिहून बघा ना, हात थांबतो. आणि हो, टेलिग्राम ॲडमिनला अनामिक राहण्याची सोय देतं, मग त्याचे मेसेज ग्रुपच्याच नावाने दिसतात. ती सोय तिघांचीही बंद करा. ‘नवे ॲडमिन नेमणे’ हा अधिकारही प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा चालू-बंद करता येतो. तो फक्त तुमच्याकडे राहू द्या.

सरांच्या कार्यशाळेचा गुंता वाटतो तेवढा मोठा नाही. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक साइटने १९९९ च्या सुमारास यावर जो उपाय काढला, तो मला आजही पटतो. तिथे नियमित येणाऱ्या सभासदांतून काही जणांना आपोआप, थोडक्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, मॉडरेटर केलं जाई. त्यांना इतरांच्या प्रतिक्रिया वर-खाली करायला पाच गुण मिळत आणि ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर जात. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात, तिथे हे गुण वापरता येत नसत. शिवाय मॉडरेटरने दिलेला कौल रास्त होता का, हे दुसरे सभासद तपासत. इंग्रजी विकिपीडियावरही ज्या वादात आपण स्वतः गुंतलो आहोत, तिथे प्रचालकाने (म्हणजे तिथल्या ॲडमिनने) आपले अधिकार वापरायचे नाहीत असा नियम आहे. तुमच्याकडे तो एका वाक्यात मावेल. ज्यात आपला पैसा, आपला मित्र किंवा आपलं भांडण आहे, त्या पोस्टला हात लावायचा नाही. दुसऱ्याला सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सरांनी कार्यशाळा घेणं सोडायची गरज नाही. आठवड्यातला एक दिवस कार्यशाळांच्या पोस्टसाठी ठेवा, सगळ्यांना सारखाच, सरांनाही. त्या दिवसाच्या पोस्ट सर तपासणार नाहीत. झालं.

सर निम्मं काम करतात म्हणून त्यांना काही बोलता येत नाही, या गाठीजवळ मात्र जरा थांबावं लागेल.

या कामाचं ओझं खरं आहे, ते कमी लेखू नका. रेडिट या चर्चेच्या साइटच्या विनामोबदला मॉडरेटरांवर २०२२ मध्ये एक अभ्यास आला. सगळे मिळून रोज किमान ४६६ तास काम करतात आणि त्याची किंमत वर्षाला किमान ३४ लाख डॉलर भरते, असा त्यात हिशेब होता. त्याच्या खूप आधी, १९९९ मध्ये, एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या स्वयंसेवकांनी आमच्याकडून नोकरीसारखं काम करून घेतलं म्हणून कंपनीवर दावा लावला होता. तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर मिटला. फुकटचं काम कुठेच फुकट राहत नाही. पैसे मिळत नाहीत तिथे माणूस दुसऱ्या रूपात वसुली करतो. कुणी मान घेतो, कुणी हक्क गाजवतो, कुणी आपली कार्यशाळा खपवतो. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही. ‘मी एवढं करतो, तर एवढं चालायला हवं’ हे मनात कधी रुजलं, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

म्हणून सरांचं काम आणि सरांचा अधिकार वेगळे करा. रात्री एकचा स्पॅम उडवायला निवाडा करण्याची अक्कल लागत नाही. टेलिग्राममध्ये मोठ्या ग्रुपसाठी स्पॅम आपोआप उडवण्याची सोय आहे, ती चालू करा. मेसेजमध्ये काही वेळाचं अंतर सक्तीचं करणारा ‘स्लो मोड’ आहे. नव्या सभासदाला पहिले काही दिवस लिंक टाकता येऊ नये, असं बघणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) मिळतात. एवढ्याने सरांचं रात्रीचं काम बरंच कमी होईल. उरलेला स्पॅम झाडायला चार सभासद नेमा. त्यांना मेसेज उडवण्याचा अधिकार द्या, माणसं काढण्याचा नाही. ही तयारी सरांशी बोलायच्या आधी करा. ‘तुम्ही नसाल तरी रात्रीचं काम निभेल’ हे तुम्हाला आतून ठाऊक असलं, तर बोलताना तुमचा आवाज कापणार नाही. सरांना ते ऐकवायची मात्र गरज नाही.

बोलणं फोनवर करा, ग्रुपवर नको आणि मेसेजवर तर नकोच. यादीत त्यांचं नाव निघालं तर आधी कारण विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. सभासदाने खाजगीत धमक्या दिल्या असतील, तुम्हाला माहीत नसलेलं काही घडलं असेल. नाव निघालं नाही, तर आरोपाची भाषाच नको. काहीसं असं बोला: ‘सर, त्या पोस्टचं नेमकं काय झालं ते मला शोधता आलं नाही. यापुढे असं होऊ द्यायचं नाही म्हणून आपण नोंद ठेवणार आहोत, माझ्यासकट सगळे. आणि कार्यशाळांच्या पोस्टचं तुम्ही बघू नका, म्हणजे तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य गोड बोलण्यासाठी घातलेलं नाही. मॉडरेटर बाजूला झाला की त्याच्यावर संशय घ्यायला जागाच उरत नाही. समंजस माणसाला हे लगेच कळतं. ज्याला या वाक्याचा राग येईल, त्याच्याबद्दल तुमचं मत तुम्हीच ठरवा.

आता निवडीबद्दल. निवडणूक घ्या म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते, पण साडेनऊ हजारांच्या ग्रुपमध्ये बोलणारे किती असतील? दोन-तीनशे धरा. मतदान ठेवलं की ज्याची ओळख मोठी तो निवडून येईल, आणि तुमच्या ग्रुपमध्ये सर्वांत मोठी ओळख कुणाची आहे ते तुम्हीच लिहिलंय.

इंग्रजी विकिपीडियाचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे प्रचालक व्हायचं तर आठवडाभर जाहीर छाननी चालते. साधारण ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा मिळाला तर माणूस होतो, ६५ च्या खाली सहसा होत नाही, मधल्यांचा निर्णय अनुभवी मंडळी करतात. ही छाननी पुढे पुढे इतकी जाचक झाली, की लोक उभेच राहीनात. याचं एक मोठं कारण तिथलेच लोक सांगत आले आहेत. प्रचालकपद एकदा मिळालं की त्याला मुदत नाही, आणि चुकीचा माणूस काढायचा तर लवाद समितीपर्यंत प्रकरण न्यावं लागे. माणूस निघणार नाही म्हटल्यावर घेतानाच त्याची सात पिढ्यांची चौकशी होणार! अखेर २०२४ मध्ये त्यांनी गुप्त मतदानाने निवड करून पाहिली आणि त्याच वर्षी परत बोलावण्याचीही पद्धत आणली. ३० दिवसांत २५ अनुभवी संपादकांनी सही केली, तर त्या प्रचालकाला पुन्हा कौल घ्यावा लागतो. रेडिटची रचना याच्या उलट. तिथे मॉडरेटरांची ज्येष्ठतेने यादी असते. वरचा खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला नाही. वरचा माणूस बिघडला की कंपनीने लक्ष घालेपर्यंत सगळ्यांनी बघत बसायचं.

मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. नवे मॉडरेटर कसे घ्यायचे याआधी ते कसे जातील हे ठरवा, लिहा आणि ग्रुपवर पिन करा. मुदत एक वर्ष. मुदत संपली की माणूस आपोआप मोकळा. पुन्हा यायचं तर पुन्हा विचारायचं. मधेच काढायची वेळ आली, तर आधी समज, मग महिनाभर अधिकार गोठवणं, मग निरोप. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गावांनी सामाईक कुरणं, पाणी, मासेमारीची ठिकाणं पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळली याचा त्यांनी अभ्यास केला होता. जिथे हे टिकलं, तिथे राखण करणारे एकतर वापरणाऱ्यांपैकीच असत किंवा वापरणाऱ्यांना उत्तरं देण्याला बांधलेले असत, आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असे. सभासदांना आपण हे लावतो, पहिल्यांदा समज देतो. मॉडरेटरच्या बाबतीत मात्र मधली पायरीच नसते. एकतर सगळं माफ, नाहीतर एके दिवशी स्फोट होऊन कायमचं तोंड फिरवणं. तुम्ही आत्ता त्या स्फोटाच्या आसपास आहात.

जायची वाट अशी आखून झाली, की घेणं सोपं होतं. माणूस शंभर टक्के पारखून घ्यायची गरज उरत नाही. ग्रुपवर जाहीर करा की तीन जागा भरायच्या आहेत, आठवड्याला साधारण इतका वेळ द्यावा लागेल, इच्छुकांनी कळवावं. आलेल्या नावांतून तुम्ही आणि मॉडरेटर नसलेले दोन जुने सभासद निवड करा. निवडलेली नावं आठवडाभर ग्रुपवर ठेवा आणि आक्षेप खाजगीत मागवा. मग तीन महिने अर्ध्या अधिकारांवर काम. तोवर कायमचं बाहेर काढण्याचा अधिकार नवख्याकडे नको.

इच्छुकांना पारखायचं कसं? त्यांचे जुने मेसेज वर सरकवून वाचा, विशेषतः जिथे कुणी त्यांना खोडून काढलंय ते. ‘बरोबर आहे तुमचं, मी गडबड केली’ असं कुठे सापडलं तर त्या नावावर खूण करा. फोटो किती चांगले काढतो, ते इथे बघू नका. मग ग्रुपमध्ये घडून गेलेले तीन प्रसंग द्या आणि तुम्ही काय केलं असतं, सभासदाला नेमका काय मेसेज पाठवला असता, ते लिहून मागा. समजा, नवशिक्याच्या फोटोखाली कुणी लिहिलं, ‘हा फोटो डिलीट कर आणि कॅमेरा विकून टाक.’ एक जण उत्तर देईल: ‘ताबडतोब बॅन करेन, असल्या लोकांना इथे जागा नाही.’ दुसरा लिहील: ‘कॉमेंट काढेन आणि कळवेन, की फोटोत काय चुकलं ते सांगा, कॅमेरा विकायला सांगणं म्हणजे टीका नाही; दुरुस्त करून पुन्हा लिहा.’ तिसरा म्हणेल: ‘आधी बघेन, हे दोघं मित्र आहेत का.’ मी तिसऱ्याला घेईन. दुसऱ्यालाही घेईन. पहिल्याला स्पॅमच्या कामावर ठेवेन, तिथे तो खूष राहील.

नवे तिघंही एकाच वर्तुळातले नकोत, हे विसरू नका. क्रोएशियन भाषेतल्या विकिपीडियावर साधारण २०११ ते २०२० या काळात एकाच विचारसरणीच्या मूठभर प्रचालकांचा ताबा होता. वेगळं लिहिणाऱ्यांना ब्लॉक करून घालवलं गेलं आणि इतिहासावरचे लेख अतिउजव्या बाजूला सोयीचे करून घेतले गेले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने करून घेतलेल्या तपासणीचा अहवाल २०२१ मध्ये आला, त्यात बनावट खात्यांचाही उल्लेख होता. मतं घेण्याची पद्धत तिथेही होतीच. पण जे विरोधात मत देऊ शकले असते, ते आधीच बाहेर होते. मतदार काढायचा अधिकार उमेदवाराकडे असेल, तर त्या मतदानाला काय अर्थ? तुमच्या ग्रुपमध्ये छोट्या प्रमाणात हेच एकदा घडून गेलंय.

दाद मागायची जागा मॉडरेटरांपासून वेगळी हवी. दोन सभासद नेमा, ज्यांच्याकडे काढण्या-घालण्याचा कोणताही अधिकार नाही, फक्त ती बंद नोंद वाचण्याचा आहे. ज्याला कारवाई पटली नाही, त्याने त्यांना लिहायचं. त्यांनी म्हटलं कारवाई मागे घ्या, तर ती मागे जाते, तुम्ही केलेली असली तरी. सहा महिन्यांनी माणसं बदलायची. या जोडीला मॉडरेटरांशी फार सलगी नसलेली माणसं घ्या. थोडी खडूस असली तरी चालतील.

महिन्याला एक पोस्ट टाका. किती पोस्ट काढल्या, किती जण बाहेर गेले, किती जणांनी दाद मागितली, कितींच्या बाजूने निकाल लागला. २०१८ मध्ये मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांसाठी जी सांता क्लारा तत्त्वं मांडली गेली, त्यांतही मागणी हीच होती: आकडे जाहीर करा, ज्याच्यावर कारवाई झाली त्याला कळवा आणि दाद मागायला वाट ठेवा. छोट्या ग्रुपला हे त्यांच्यापेक्षा सोपं आहे. शेवटच्या आकड्यावर नजर ठेवा. महिनोन्‌महिने एकही निर्णय फिरला नाही, तर तुमचे मॉडरेटर अचूक आहेत असं समजू नका. बहुतेक वेळा दाद मागण्यात काही अर्थ नाही, असं लोकांनी ठरवलेलं असतं.

नियमांवर मी फार लिहीत नाही, ते तुमच्याकडे असतीलच. फक्त ते दिसतील असे ठेवा आणि पोस्ट काढली की कारण द्या. रेडिटवरच्या विज्ञानविषयक समूहात चर्चेच्या वर नियम चिकटवले, तर नवख्यांचं नियमपालन ८ टक्के-अंकांहून अधिक वाढलं आणि चर्चेत येणारे नवखे सरासरी ७० टक्क्यांनी वाढले, असा २०१९ मधला प्रयोग आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की पोस्ट काढल्याचं कारण सांगितलं तर त्या सभासदाची पुढची पोस्ट काढावी लागण्याची शक्यता कमी होते. कारण सांगायला अर्धा मिनिट लागतो. सर हे करायला कुरकुर करतील, कारण त्यांच्याकडे आत्ता कामाचा ढीग आहे. ढीग कमी झाला की बघा.

एवढं करूनही सर गेले तर? जाऊ द्या. शे-दोनशे लोक त्यांच्यासोबत नव्या ग्रुपला जातील. त्यांतले बरेचसे दोन्हीकडे राहतील. त्यांच्या कामाबद्दल ग्रुपवर मनापासून आभार माना, त्या आभारात टोमणा नको, आणि पुन्हा यावंसं वाटलं तर दार उघडं ठेवा. ते राहिले, तर बाकीच्यांसारखीच त्यांची मुदतही याच महिन्यापासून मोजा. जुन्या मित्रांना मुदत नाही आणि नव्यांना आहे, असं केलंत तर नव्यांना पहिल्याच दिवशी समजेल की खरे मॉडरेटर कोण आणि हरकामे कोण.

मालकीचंही आत्ताच बघून ठेवा. टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याकडे देता येते, पण त्यासाठी तुमच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी आधीपासून लावलेली असावी लागते. ती लावा, आणि तुम्हाला थांबावंसं वाटलं तर ग्रुप कुणाकडे जाईल ते लिहून तिघांना सांगून ठेवा. आणि नव्या नावांवर आक्षेप मागवाल, तेव्हा त्या यादीत पहिलं नाव तुमचं घाला. मालकीण म्हणून तुमचं कुठे चुकतंय, हे साडेनऊ हजार लोकांपैकी कुणालातरी सांगायचं असेल. आलेली उत्तरं तुम्ही एकट्या वाचू नका, दाद ऐकणाऱ्या दोघांकडे जाऊ द्या, आणि त्यांतलं काय ग्रुपवर मांडायचं ते त्यांना ठरवू द्या.